घरचा धंदा आणि पैशाची काळजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नानंतर मी सासरच्या छपाईच्या व्यवसायात आले. सासऱ्यांनी उभा केलेला धंदा नवरा आणि दीर चालवत होते, आणि हिशेबाचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मधली काही वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली. त्यातून आम्ही बाहेर आलो, तेव्हापासून ओळखीतले छोटे व्यावसायिक मला तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तरी बहुतेक घरं तेच सोंग आणायला जातात. पैसे कमी असल्याचा त्रास होतोच, पण माणूस पिचतो तो हे सोंग वठवताना, असं माझं अनुभवातून बनलेलं मत आहे.

धंदा नफ्यात आहे असं हिशेब सांगतो. मग महिनाअखेरीला हातात पैसा का नसतो?

कारण नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल फाडलं की कागदावर विक्री झाली, नफाही झाला. पैसा मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येणार.

एक साधा हिशेब करू. माल आणल्यापासून विकला जाईपर्यंत ४० दिवस जातात. गिऱ्हाईक त्यानंतर ४५ दिवसांनी पैसे देतं. म्हणजे तुमचा पैसा ८५ दिवस बाहेर फिरतो. पुरवठादार मात्र ३० दिवसांत पैसे मागतो. उरलेले ५५ दिवस तुम्ही स्वतःच्या खिशातून ओढता. रोज १,००० चा माल लागत असेल तर ५५,००० कायम अडकलेले. वीज, भाडं, पगार यात धरलेलेच नाहीत.

आता धंदा दुप्पट झाला असं समजा. सगळे अभिनंदन करतात, आणि तुमचे अडकलेले ५५,००० आता १,१०,००० होतात. हा जादाचा पैसा कुठून आणायचा याचा विचार आधी झालेला नसेल, तर चांगले चालणारे धंदेही नेमके वाढीच्या वर्षात गटांगळ्या खातात. आमचंही तसंच झालं. मोठं काम मिळालं म्हणून आम्ही आनंदात होतो, आणि त्याच कामाच्या कागदाचे पैसे देताना पगार दोन आठवडे लांबले.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज नफा-तोट्याच्या पत्रकात खर्च म्हणून दिसतं, मुद्दल दिसत नाही. घरखर्चाला उचललेले पैसेही बहुतेक वेळा तिथे दिसत नाहीत. पैसा मात्र दोन्हीकडे जातो. त्यामुळे ‘नफा झाला, पैसे कुठे गेले?’ यावरून एकमेकांवर संशय घेण्याआधी मुद्दल, घरी उचललेली रक्कम, पडून असलेला माल आणि थकलेली उधारी या चार ठिकाणी पाहा. पैसा बहुतेक तिथेच सापडतो.

आकड्यांकडे बघायचीच भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

ही भीती फार खरी आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्या ऑफिसच्या टेबलाला डाव्या हाताला एक खण होता. सासरे, म्हणजे बाबा, नको असलेली पाकिटं त्यात टाकायचे. बँकेची, पुरवठादारांची, वीजबिलाची. तो खण इतका भरला होता की उघडताना वरचं पाकीट अडकायचं आणि फाटायचं. एका रविवारी मी तो अख्खा खण उपसून घरच्या टेबलावर ठेवला. बाबा, नवरा आणि दीर समोर होते. पाकिटं उघडण्याआधी मी तिघांना चिठ्ठ्या दिल्या आणि म्हटलं, ‘आपलं एकूण देणं किती असेल, मनातला आकडा लिहा.’

पाकिटं फोडायला सव्वा तास लागला. काही एकाच बिलाची तीन-तीन स्मरणपत्रं होती, काहींचे पैसे कधीच देऊन झाले होते. बेरीज झाल्यावर चिठ्ठ्या उघडल्या. बाबांचा आकडा खऱ्या देण्याच्या जवळजवळ दुप्पट होता. नवऱ्याचा जेमतेम निम्मा. दिरानं चिठ्ठी कोरीच ठेवली होती.

एकाच छताखाली तीन माणसं तीन वेगळ्या कर्जांची काळजी वाहत होती. बाबा जे दुप्पट ओझं घेऊन झोपत होते ते अस्तित्वातच नव्हतं. आणि नवरा ज्या बेफिकिरीनं नवीन ऑर्डर घेत होता, तिलाही आधार नव्हता. त्या संध्याकाळी एक पैसाही कमी झाला नाही, पण बाबा त्या आठवड्यात पहिल्यांदा जेवणानंतर टीव्हीसमोर बसले.

तेव्हा सुरुवात अशी करा. एक कोरा कागद घ्या. कुणाचं देणं आहे, किती, व्याज किती, तारीख कोणती आणि न दिल्यास नेमकं काय होईल, एवढंच लिहा. दुसऱ्या कागदावर आपलं येणं. एकट्याला धीर होत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवा. त्या माणसाला हिशेब कळायलाच हवा असं नाही. त्यानं पाकिटं फोडून द्यावीत, तुम्ही लिहावं.

रोजचा हिशेब कोणत्या पद्धतीनं ठेवावा?

जी पद्धत तुमच्याकडून सलग सहा महिने टिकेल ती. वही चालेल, मोबाइलवरचं ॲप चालेल. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिण्याची पद्धत मांडली. त्यानं तीन वह्या सांगितल्या आहेत, आणि त्यातली पहिली कच्ची वही घरातल्या कुणीही लिहावी अशी आहे. मालक नसेल तर नोकरानं, घरच्या बाईनं, पण व्यवहार घडला की लगेच. पक्का जमाखर्च नंतर. घरच्या धंद्याला याहून चांगला सल्ला मला सापडलेला नाही. नोंद करायचा हक्क एकाच माणसाकडे असला की तो आजारी पडला त्या दिवसापासून सगळे अंधारात.

पुढे काय वाढून ठेवलंय ते आधी कळण्याची काही युक्ती आहे का?

आहे, आणि तिला फार शिक्षण लागत नाही. १३ आठवड्यांचा, म्हणजे एका तिमाहीचा तक्ता आखा. प्रत्येक आठवड्याला एक रकाना. वर आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, मग खरोखर येणारे पैसे, मग जाणारे पैसे, खाली उरलेली शिल्लक. ती पुढच्या रकान्यात वर चढवायची. दर आठवड्याला मागचा आठवडा खोडायचा आणि पुढचा एक जोडायचा.

येणाऱ्या पैशांत ‘देतो म्हणालाय’ असे पैसे धरू नका. गिऱ्हाईक नेहमी दोन महिन्यांनी देत असेल तर त्याचं बिल दोन महिन्यांनंतरच्या रकान्यात लिहा, बिलावर काहीही मुदत छापलेली असो.

नवव्या आठवड्यात शिल्लक उणे दिसली तर ती बातमी वाईटच, पण हातात आठ आठवडे आहेत. ऑर्डर पुढे ढकलता येते, आगाऊ मागता येतो, बँकेशी बोलता येतं. तीच गोष्ट आदल्या दिवशी कळली तर हातउसने मागत फिरण्यापलीकडे काही उरत नाही.

हल्ली साधे निर्णयही घेता येत नाहीत. माझी बुद्धीच मंदावली आहे का?

नाही. टंचाई माणसाच्या डोक्यातली जागा व्यापते. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका भागात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या, विचारशक्ती तपासणाऱ्या चाचण्या घेतल्या होत्या, एकदा तोडणीआधी हात रिकामे असताना आणि एकदा तोडणीनंतर पैसे आल्यावर. माणसं तीच, पण तोडणीआधी त्यांची कामगिरी कमी भरली.

यातून मी एक नियम केला. तंगीच्या दिवसांत मोठा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा नाही. विशेषतः समोरचा ‘आजच सही करा’ म्हणत असेल तेव्हा. कागद घरी आणायचा, रात्र जाऊ द्यायची, दुसऱ्या माणसाला वाचायला द्यायचा. नेहमीच्या गोष्टी, म्हणजे हप्त्यांच्या तारखा, कर भरण्याच्या तारखा, डोक्यात ठेवायच्याच नाहीत, भिंतीवर लावायच्या.

रात्री झोप लागत नाही. दोन वाजता आकडे नाचायला लागतात.

बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ५७ तरुणांवर प्रयोग केला. काहींना झोपण्याआधी पाच मिनिटं, पुढे करायच्या कामांची यादी लिहायला सांगितली, काहींना झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितका उपयोग अधिक. ‘बँकेचं बघायचं’ असं लिहू नका. ‘मंगळवारी अकरा वाजता बँकेत फोन, हप्त्याची तारीख ५ वरून १२ करून मागायची’ असं लिहा. डोक्याला खात्री पटावी लागते की गोष्ट कुठेतरी नोंदली गेली आहे.

दुसरा उपाय १९८३ सालचा, थॉमस बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाचा. काळजीला दिवसातला ठरलेला अर्धा तास द्यायचा, ठरलेल्या जागी. इतर वेळी काळजी आली की तिला त्या अर्ध्या तासावर ढकलायचं. पहिला आठवडा हे जमणार नाही. मी संध्याकाळी साडेपाच ते सहा ही वेळ ठेवली होती, ऑफिसातल्याच खुर्चीत. मुद्दाम ऑफिसात, म्हणजे घरचा पलंग त्यातून सुटतो.

झोपेआधी बँकेचं ॲप उघडू नका. त्या वेळी शिल्लक बघून काहीही करता येत नसतं.

घरचा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात आहे. वेगळा करणं खरंच गरजेचं आहे का?

हो, आणि मला विचाराल तर या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे. गल्ल्यातून घरखर्च उचलणाऱ्या घराला धंदा चालतो की नाही हे कधीच कळत नाही. धंदा घराला पोसतोय की घर धंद्याला, हेही कळत नाही. शाळेची फी भरली म्हणून पुरवठादाराचे पैसे राहिले, आणि पुरवठादाराला दिले म्हणून फी राहिली, असा झोका चालू राहतो, आणि प्रत्येक वेळी घरातल्या कुणाला तरी वाटतं की आपल्यामुळे अडलं.

दोन खाती उघडा. धंद्यात राबणाऱ्या प्रत्येकाला, स्वतःला आणि बायकोलाही, ठरावीक पगार लावा. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण तारीख ठरलेली असू द्या. ‘घरचीच माणसं, त्यांना कसला पगार’ हे वाक्य मी खूप ऐकलंय. बिनपगारी श्रमावर नफा दाखवणारा धंदा नफ्यात नसतो. त्याची किंमत घरातली एक व्यक्ती भरत असते, आणि बहुतेक वेळा ती बाई असते.

तिसरं एक छोटं खातं कर आणि विक्रीवर घेतलेल्या करासाठी. तो पैसा तुमचा नाहीच, तुमच्या हातून नुसता जातो. त्याला हात लावायची सवय लागली की सुटत नाही.

सगळ्यांचे पैसे देणं शक्य नाही. आधी कुणाचे द्यावेत?

जो जास्त ओरडतो त्याचे, असं बहुतेक घरांत आपोआप होतं. ओरडा आणि नुकसान यांचा संबंध असेलच असं नसतं.

आधी डोक्यावरचं छप्पर, जेवण, औषधं. मग कामगारांचे पगार, कारण त्यांच्या घरी तुमच्यापेक्षा कमी शिल्लक असते. मग ज्याच्यावाचून उद्या काम थांबेल ते, म्हणजे वीज, मुख्य पुरवठादार. सरकारी देणी आणि ज्या कर्जाला घर तारण आहे ती, कारण तिथला दंड आणि परिणाम जड असतो. बाकीच्यांना थोडं थोडं आणि आधी कळवून. आमचा क्रम असा होता. तुमच्या करारांत काय लिहिलंय त्यावर तो बदलेल, म्हणून न दिल्यास काय होईल हा रकाना आधी भरा.

तगाद्याचा फोन वाजला की छातीत धस्स होतं. उचलूच नये असं वाटतं.

फोन न उचलल्यानं समोरचा माणूस सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतो. त्याच्याही घरी कुणीतरी पैशाची वाट बघत असतं. आपणच आधी फोन केला तर बोलण्याचा सूर बदलतो, हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

काय बोलायचं ते लिहून ठेवा. मी लिहून ठेवायची: ‘तुमचे ६०,००० आमच्याकडे राहिलेत, मला माहीत आहे. या महिन्यात सगळे जमणार नाहीत. १० तारखेला १५,००० देते, पुढचे तीन महिने तेवढेच. चालेल का?’ रक्कम आणि तारीख स्वतः सांगायची. आणि जेवढं नक्की जमेल त्याहून थोडं कमीच कबूल करायचं. १५,००० कबूल करून वेळेवर देणाऱ्याची पत राहते, ३०,००० कबूल करून २०,००० देणाऱ्याची जाते.

बोलणं झालं की तेच चार ओळींत मेसेज करून पाठवा.

उधारी मागायला संकोच वाटतो. त्यातून गिऱ्हाईक ओळखीचं असलं की तोंडच उघडत नाही.

समजा तुम्हाला विक्रीवर १० टक्के नफा राहतो. एका ओळखीच्या माणसानं १०,००० बुडवले, तर ते भरून काढायला तुम्हाला १,००,००० ची नवी विक्री करावी लागेल. भीड सोडायला मला हा एक आकडा पुरला.

तरी जीभ रेटत नसेल तर मागण्याचं काम माणसाकडून काढून पद्धतीकडे द्या. काम पूर्ण झालं त्याच दिवशी बिल. मुदतीच्या चार दिवस आधी आठवण. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी फोन. हे सगळ्यांनाच, मामेभावालाही. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला राग धरायला जागा राहत नाही. नवीन कामाला अर्धे पैसे आगाऊ घ्यायला आम्ही लागलो तेव्हा दोन जुनी गिऱ्हाईकं गेली. ती दोन्ही सगळ्यात जास्त थकवणारी होती.

बिल वादात अडकलं असेल तर तेवढाच भाग बाजूला काढा आणि बाकीचे पैसे मागून घ्या. एका चुकीच्या ओळीसाठी अख्खं बिल लटकतं.

विक्री वाढवायला सवलत द्यावी का?

आधी गुणाकार करा. १०० च्या मालावर २५ सुटत असतील आणि तुम्ही १० टक्के सवलत दिलीत, तर आता १५ सुटतील. आधीइतकेच पैसे मिळवायला दोन-तृतीयांश जास्त माल विकावा लागेल. पडून राहिलेला माल मोकळा करायला सवलत ठीक आहे. रोजच्या मालावर ती देऊन तुम्ही जास्त राबाल आणि तेवढंच कमवाल.

जुनं कर्ज फेडायला नवीन कर्ज काढावं का?

नवीन कर्जाचं व्याज स्पष्टपणे कमी असेल, हप्ता झेपणारा असेल आणि जुनं खातं त्याच दिवशी बंद होणार असेल तरच. नुसता आजचा हप्ता भागवायला काढलेलं कर्ज म्हणजे भोक बुजवायला शेजारी दुसरं भोक.

व्याज महिन्याचं सांगतात की वर्षाचं, हे आधी विचारा. ‘महिना ३ टक्के’ कानाला हलकं लागतं. चक्रवाढीनं ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. ७२ ला व्याजदरानं भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे कळतो. इथे ७२ भागिले ३, म्हणजे सुमारे २४ महिने. काहीच फेडलं नाही तर दोन वर्षांत दुप्पट.

अनेक कर्जं असतील तर सगळ्यांचे किमान हप्ते भरून वरचा प्रत्येक पैसा सगळ्यात चढ्या व्याजाच्या कर्जावर टाका. गणितानं हेच बरोबर आहे. पण घरातल्या एखाद्याला छोटं कर्ज आधी संपवून श्वास घ्यायचा असेल तर तसंही करा. आम्ही नात्यातले हातउसने आधी फेडले, त्यावर व्याज शून्य होतं तरी. त्या घरी पुन्हा मोकळेपणानं जाता येऊ लागलं.

राहतं घर तारण ठेवून धंद्यात पैसे घालावेत का?

मी नाही म्हणेन, आणि हे मी ठाम सांगते. आलेला पैसा नेमका काय करणार हे १३ आठवड्यांच्या तक्त्यात दिसत नसेल, तर तो भोकातून गळून जाईल आणि घर मात्र अडकून राहील. व्यवसाय कंपनी म्हणून नोंदलेला असला तरी वैयक्तिक जामीन म्हणून सही केली की कंपनीचं कर्ज आणि तुमची स्वतःची मालमत्ता यांच्यातली भिंत उरत नाही. जामीनपत्रावर घरातल्या दुसऱ्या कुणाची सही मागितली असेल, तर त्या व्यक्तीनं कागद स्वतंत्रपणे, स्वतःच्या सल्लागाराकडून समजून घ्यावा. ‘घरचंच आहे, कर सही’ इतक्यावर नाही.

घरात सांगावं का? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.

ती म्हण बाहेरच्यांसाठी आहे. घरात मूठ झाकून ठेवली की घरच्यांना मुठीचं वजन कळत नाही, फक्त तुमचा आवळलेला चेहरा दिसतो. मग बायकोला वाटतं आपलं काही चुकलं, मुलांना वाटतं बाबा आपल्यावर रागावलेत.

जोडीदाराला पूर्ण आकडा सांगा. अर्धा सांगितलात तर उरलेला अर्धा बाहेरून कळतो, आणि पैशापेक्षा ते जास्त दुखतं. वडीलधाऱ्यांना सांगताना त्यांचा धंदा आपण बुडवला ही लाज आड येते. माझ्या नवऱ्याला हे बाबांसमोर बोलायला आठ महिने लागले. बाबा ऐकून म्हणाले, त्यांच्या काळातही दोनदा असं झालं होतं, आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलांना आकडा नको, परिस्थिती सांगा. ‘या वर्षी हात आखडता आहे, फिरायला जाणार नाही, तुमची शाळा चालू राहील.’ त्यांच्या मनातला प्रश्न बहुतेक वेळा एवढाच असतो की आपलं काय होणार.

पैशावरून भावाभावांत रोज वाद होतात. जेवणाच्या ताटावरही धंदाच.

हार्वर्डमध्ये रेनाटो टॅगियुरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ साली घरच्या धंद्यासाठी तीन वर्तुळांचं एक चित्र मांडलं, कुटुंब, मालकी आणि व्यवसाय. वर्तुळं एकमेकांत शिरतात, आणि प्रत्येक माणूस कुठल्या तरी खणात उभा असतो. मालक असलेला पण काम न करणारा भाऊ वाट्याची वाट बघतो. काम करणारी पण मालकी नसलेली सून पगाराकडे बघते. मालकी आणि काम दोन्हींत उभा असलेला म्हणतो, पैसे धंद्यातच राहू द्या. तिघेही आपापल्या जागेवरून बरोबर असतात.

वादाच्या मध्यात ‘आत्ता तू भाऊ म्हणून बोलतोयस की भागीदार म्हणून?’ एवढं शांतपणे विचारून बघा. आमच्याकडे यामुळे आवाज खाली आले. दुसरं म्हणजे बैठकीची वेळ ठरवा. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, समोर तक्ता. जेवताना धंदा काढायचा नाही.

कोण किती रकमेपर्यंतचा निर्णय एकट्यानं घेऊ शकतो, हेही लिहून ठेवा.

धंदा बंद करायची वेळ आली आहे हे कसं ओळखावं?

‘इतकी वर्षं घातली, आता कसं सोडायचं’ हे वाक्य वारंवार यायला लागलं की सावध व्हा. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली दाखवून दिलं की आधी घातलेला पैसा परत येणार नसला तरी माणसं त्याच्याखातर आणखी घालत राहतात. घरच्या धंद्यात तर पैशाच्या जोडीला आजोबांचं नावही घातलेलं असतं.

स्वतःला असं विचारा: हा धंदा आज माझ्याकडे नसता आणि कुणी याच कर्जासह देऊ केला असता, तर मी घेतला असता का? उत्तर नाही असेल, आणि सगळी काटकसर, वसुली करूनही सलग दोन-तीन तिमाही नुसत्या चालण्यातच पैसे जात असतील, तर लेखापाल आणि वकील यांच्यासोबत बसा. हातात थोडं उरलं असताना थांबलं तर कामगारांचे पैसे देता येतात, यंत्रं बऱ्या भावात जातात. एखादा तोट्यातला भागच बंद करून बाकीचं वाचतं, हेही होतं. आम्ही मोठ्या यंत्राचं काम बंद केलं. ते यंत्र ट्रकवर चढवलं त्या दिवशी बाबा खाली आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच रिकामी जागा झाडून घेतली.

हा नुसता ताण आहे की डॉक्टरकडे जायला हवं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, दारूचं प्रमाण वाढलं असेल, छातीत धडधडत असेल, तर जा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामाच्या न हाताळलेल्या ताणातून येणाऱ्या अवस्थेचं वर्णन केलं आहे. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. छातीत दुखत असेल तर ताण समजून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि ‘मी नसलो तर घरच्यांचं बरं होईल’ असा विचार मनात आला असेल, तर कृपया आत्ता, हे वाचता वाचता, कुणाला तरी सांगा. जवळच्या माणसाला, डॉक्टरला, तुमच्या भागातल्या आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला. एकटे राहू नका. कर्जाची मुदत वाढते, तडजोड होते, कायद्यानं दिवाळखोरीचीही वाट असते. तुमच्या घरच्यांना आकडा नको आहे, तुम्ही हवे आहात. घरात कुणी असं बोलत असेल तर ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते.

परिस्थिती सुधारली. आता बैठका, तक्ते थांबवले तर चालतील का?

नका थांबवू. आलेल्या प्रत्येक बिलातला छोटा हिस्सा बाजूला टाकत राहा, निदान तीन महिन्यांचे पगार आणि भाडं निघेल एवढी रक्कम जमेपर्यंत. आम्हाला त्याला साडेतीन वर्षं लागली. आमची बैठक अजून दर सोमवारी असते, कधी वीस मिनिटांत संपते. डावीकडचा खण बाबांनी सुताराकडून काढून टाकला आहे. पाकिटं आता टेबलावरच्या उघड्या ट्रेमध्ये येतात आणि सोमवारी बाबाच ती फोडतात.